हवेलाही वाट हवी

काचेच्या टाकीतले मासे सगळ्यांना दिसतात. टाकीखालच्या कपाटात काय चालते ते पाहायला सहसा कोणी वाकत नाही. मी ज्या टाकीविषयी लिहिते आहे, तिचे सगळे दुखणे त्या कपाटातच होते.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात राहते आणि जवळच्या एका गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. सेनगाव तालुक्यातला हा भाग सोयाबीन, तूर आणि हळदीचा. इथे मासे म्हणजे तळ्यातले, नाहीतर बाजाराच्या दिवशी टोपलीत येणारे. शोभेचे मासे पाळायची हौस आमच्याकडे तशी अलीकडची. जिल्ह्याच्या गावचे एक हॉटेल बंद झाले तेव्हा मालकाने तिथला फिशटँक शाळेला देऊन टाकला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर अडीचशे लिटरच्या आसपास पाणी. सोबत खाली ठेवायची अडीच फुटांची दुसरी टाकी, एक पंप आणि गोणीभर पाइपांचे तुकडे.

या दुसऱ्या टाकीला सम्प म्हणतात. घर बांधताना जमिनीखाली पाण्याची टाकी करतात, तिला आपण सम्प म्हणतो, तोच हा शब्द. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची उभी आडभिंत असते. तिच्या दातेरी कडेवरून पाणी आतल्या अरुंद कप्प्यात पडते, कप्प्याच्या तळाशी असलेल्या भोकातून पाइपाने खालच्या सम्पात उतरते, तिथे स्पंजातून आणि मातीच्या कवेलूंच्या तुकड्यांतून गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. चढण पंपाची, उतरण गुरुत्वाकर्षणाची. चढवायला वीज लागते. उतरवायला काही लागत नाही, असे वाटते.

आमच्या टाकीत पाणी चढत होते, पण उतरत नव्हते. पंप पूर्ण सुरू केला की तीन-चार मिनिटांत पाणी वरच्या काठाला यायचे आणि विज्ञानाच्या खोलीत तळे व्हायचे. विजेचे बोर्ड जवळ, फरशी ओली, मुली अनवाणी. म्हणून पंपाला चिमटा लावून तो निम्म्यावर आणला. फरशी वाचली, पण मासे सकाळी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले.

यामागचे कारण आठवीच्या मुलांनाही समजेल असे आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. आमच्याकडचा उन्हाळा त्याहून पुढचा. त्यात माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. कवेलूंच्या तुकड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामाला त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी फिरले तरच तो त्यांच्यापर्यंत पोचतो. आमच्या मशिदींच्या हौदांतही मासे असतात. हनफी फिक्हमध्ये दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौदाला वाहत्या पाण्याचा हुकूम लावतात. चार फुटी टाकीला ती सवलत नाही. तिला खरोखरच वाहावे लागते.

सल्ले बरेच आले. कोणी म्हणाले, मोठा पंप घ्या. पण पाणी चढण्याची अडचण नव्हतीच, मोठ्या पंपाने खोलीत अधिक लवकर तळे झाले असते. हिंगोलीहून आलेल्या प्लंबर मामांनी पाइप बदलून दीड इंची करायला सांगितले. त्यासाठी काचेचे भोक मोठे करावे लागणार होते. कडक केलेली काच असेल तर ड्रिल लावताच तिचा चुरा होतो, आणि आमची काच कोणती ते सांगायला हॉटेलवाला गावात नव्हता. मी मामांना थांबवले आणि आधी मोजायचे ठरवले.

मोजण्याला लागली एक पंधरा लिटरची बादली आणि भिंतीवरचे घड्याळ. पंपाच्या धारेखाली बादली ५४ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला हजार लिटर. उतरणाऱ्या पाइपाखाली तीच बादली भरायला ७८ सेकंद लागले, म्हणजे तासाला सातशेच्या आत. मिनिटाला पाच लिटर पाणी वर शिल्लक राहत होते आणि तेच फरशीवर येत होते. मुलींनी हा हिशेब फळ्यावर केला तेव्हा त्यांना जे समाधान झाले ते परीक्षेतल्या गणिताने कधी झालेले मी पाहिले नव्हते.

पाइप नुसता हळू वाहत नव्हता, तो बोलत होता. घळघळ, मग गप्प, मग एकदम घोट गिळल्यासारखा आवाज. आठवीतल्या एका मुलीने कपाटात डोके घालून तो बराच वेळ ऐकला. ती वर्गात फारशी बोलत नसे. तिचे वडील शेतांमध्ये विहिरीपासून रानापर्यंत पाइपलाइन टाकण्याचे काम करतात. ती म्हणाली, "आपा, पाइपमें हवा धरी है. अब्बा खेतमें ऊंची जगा पे एअर व्हॉल्व्ह बिठाते, नै तो पानीच नै आता."

आमच्याकडे शेतकऱ्याला हे माहीत असते. पाइपलाइन चढावरून गेली की उंचवट्यावर हवेचा फुगा अडकतो आणि मोटार चालू असूनही शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही. "हवा धरली" म्हणतात त्याला. बी.एड.ला आम्हाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायचे सूत्र शिकवले होते. इथे ज्ञात गोष्ट त्या मुलीच्या घरात होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन वस्तू मांडल्या. पहिली पाण्याने भरलेली बाटली. ती एकदम उलटी केली की गचके खात रिकामी होते, कारण पाणी खाली येते त्याच तोंडातून हवा वर जाते आणि दोघांची रेटारेटी होते. दुसरा पंधरा किलो तेलाचा डबा. किराणा दुकानदार त्याला एक भोक कधीच पाडत नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडतो, मग धार सरळ पडते. तिसरा वुजूचा टोटीचा बधना. पाणी पडत असताना त्याचे वरचे तोंड तळहाताने घट्ट झाकले की टोटीची धार थांबते. मुलींनी तो हजार वेळा हातात घेतला असेल. त्या दिवशी तळहात काढून-घालून तो दहा मिनिटे बडवला आणि धार बंद-चालू केली.

आता कपाटातल्या पाइपाकडे पाहिल्यावर चूक कुठे आहे ते दिसत होते. टाकी जोडणाऱ्याने पाइप कपाटात नीट बसावा म्हणून त्याला काटकोनात दोन एल्बो घातले होते आणि मधे हातभर आडवा तुकडा. हवा त्या आडव्या तुकड्यात बसत होती. शिवाय पाइपाचे खालचे टोक सम्पाच्या पाण्यात नऊ-दहा इंच बुडवले होते. आवाज कमी व्हावा हा हेतू असणार, पण आतल्या हवेला बाहेर पडण्यासाठी तेवढे पाणी ढकलावे लागत होते. ते तिला जमत नव्हते, म्हणून ती उलटी वर येत होती, उतरणाऱ्या पाण्याच्या छातीवर पाय देऊन.

मुलीचे वडील रविवारी हॅकसॉ आणि सोल्युशनचा डबा घेऊन आले. आडवा तुकडा आणि काटकोनी एल्बो काढून टाकले. त्यांच्या जागी ४५ अंशांचे दोन बेंड लावले, म्हणजे पाइपाला वरून खालपर्यंत सलग उतार मिळाला. सम्पातले टोक कापून पाण्याखाली जेमतेम एक इंच ठेवले. एवढ्यानेच बादली साठ सेकंदांवर आली. आवाज मात्र होताच, आणि साठ म्हणजे चोपन्न नव्हे.

पुढचा उपाय ऐकून खोलीतले सगळे माझ्याकडे पाहत राहिले. उतरणाऱ्या पाइपाला व्हॉल्व्ह लावायचा आणि तो थोडा बंद करायचा. पाणी कमी उतरते ही तक्रार आणि उपाय म्हणून वाटच अरुंद करायची! मामा म्हणाले, "मॅडम, असं कुठं असतंय का?"

असते. पाइपात हवा आणि पाणी दोन्ही असतील तर पाणी भिंतीला चिकटून घरंगळते, मधून हवा फिरते. वरच्या तोंडाशी जे चार बोटे पाणी उभे असेल तेवढाच काय तो दाब. पण पाइप पाण्याने पूर्ण भरला, हवेचा एक बुडबुडाही राहिला नाही, तर वरच्या पातळीपासून सम्पाच्या पातळीपर्यंत पाण्याचा एकच सलग खांब तयार होतो. आमच्या टाकीत तो अडीच फुटांचा. मग ती सगळी उंची पाणी खेचते. असा भरलेला एक इंची पाइप आमच्या पंपाच्या दुपटीहून अधिक पाणी सहज नेऊ शकतो. तो इतके नेतो म्हणूनच कप्पा रिकामा होतो, तोंड उघडे पडते, हवा घुसते आणि घळघळ सुरू होते. व्हॉल्व्ह थोडा मिटला की पाइपाची ताकद पंपाच्या ताकदीशी जुळते, कप्प्यातली पातळी एका जागी उभी राहते आणि हवेला शिरायला फट उरत नाही. पाइप लहान नव्हताच. तो कधी पूर्ण भरलाच नव्हता.

यासाठी गेट व्हॉल्व्ह लागतो, चाक फिरवून हळूहळू मिटणारा. बॉल व्हॉल्व्हची मूठ पाव इंच सरकली तरी पाणी फार कमी-जास्त होते. आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे दुसरा पाइप. भरलेल्या पाइपाच्या तोंडाशी पान, गोगलगाय, काहीही अडकले तर पातळी वर चढणार. कप्प्याला दोन भोके होती. एकातून पाणी उतरायचे, दुसऱ्यातून पंपाचे पाणी वर यायचे. पंपाचा पाइप आम्ही काचेच्या काठावरून आत घेतला आणि मोकळे झालेले भोक दुसऱ्या उतरत्या पाइपाला दिले. त्याचे तोंड पहिल्याच्या तोंडाहून बरेच उंच, पण आडभिंतीच्या कडेहून खाली ठेवले. एरवी तो कोरडा असतो. पहिला अडला तरच पाणी त्याच्यापर्यंत येते. त्याच्यावर व्हॉल्व्ह लावायचा नाही आणि जाळीही बारीक लावायची नाही, हा नियम मी कपाटाच्या दारावर लिहून ठेवला आहे.

गोरेगावकडे वीज जाते-येते, तेव्हा त्याचाही विचार करावा लागला. वीज गेली की पंप थांबतो आणि त्याच्या पाइपातून पाणी उलटे खाली खेचले जाते. म्हणून त्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर एक बारीक छिद्र पाडले. पातळी तिथवर उतरली की छिद्रातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. इथे हवा आपल्या बाजूची. तोवर उतरलेले पाणी मावेल एवढा सम्प आम्ही रिकामा ठेवतो. वीज आली की उतरत्या पाइपातली हवा आधी बाहेर पडावी लागते, आणि टोक इंचभरच बुडालेले असल्याने ती मिनिटाभरात निघून जाते. मग आवाज बंद होतो. पंपाचा चिमटा काढला, तेव्हापासून फरशी कोरडी आहे आणि मासे तळाशी फिरतात.

त्या हिवाळ्यात शाळेची सहल आजच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला गेली. पाणचक्की पूर्वी मी दोनदा पाहिली होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा परिसर, खाम नदीचा काठ, वडाचे जुने झाड, हौदातले मासे. लोक येतात, माशांना चुरमुरे टाकतात, फोटो काढतात. या वेळी माझ्या मुली हौदाजवळ थांबल्या नाहीत. पाणी कुठून येते आणि जास्तीचे कुठे जाते, हे शोधत फिरल्या. डोंगराच्या बाजूने जमिनीखालून मातीच्या नळांतून आलेले पाणी इथे भिंतीत उंच चढते, वरून हौदात कोसळते, त्या जोरावर चक्कीचे पाते फिरत असे आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जात असे. हौदाच्या पोटाखाली खांबांची थंडगार खोली आहे. म्हणजे वर मासे, खाली दुसरा मजला. "आपा, ये तो अपनी टंकी!" एक जण ओरडली.

नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी चुनेगच्ची मनोरे उभे आहेत. विजापुरात अशाच मनोऱ्यांना गंज म्हणतात. नळातली हवा तिथून सुटते आणि पाण्याचा वाढलेला दाबही तिथे हलका होतो. आमच्या पाइपलाइनवाल्याच्या एअर व्हॉल्व्हचा हा मोठा भाऊ. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि तिला नहरीने पाणी दिले. तो १६२६मध्ये वारला. पाणी किती उंचीवरून किती वेगाने पडते याचे टोरिचेल्लीचे सूत्र इटलीत १६४४ साली छापले गेले. त्याच्याही आठशे वर्षे आधी बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी साइफनवर चालणारी यंत्रे लिहून ठेवली होती.

आमच्या जलशांमधून ही नावे आम्ही अभिमानाने घेतो. घ्यावीत. पण नळात हवा का अडकते हे ज्याला सांगता येत नाही त्याने मलिक अंबरचे नाव घेऊन काय साधते, हा प्रश्न मला त्या मनोऱ्यापाशी उभे असताना पडला. नहरीला आता पूर्वीसारखे भरभरून पाणी येत नाही. ज्यांना नळ कळत होते त्यांची मुले शाळेत आली, आणि नळाचे ज्ञान शाळेच्या दाराबाहेर राहिले.

आमच्या शाळेचे वर्ग आठवीला संपतात. पुढे उर्दूत शिकायचे तर दूरचे गाव, नाहीतर जवळची मराठी शाळा. मुलगे बसने जातात. मुलींच्या बाबतीत घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "आगे मराठीमें है, इसको झेपता नै." घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी बोलणारी मुलगी नववीच्या पहिल्याच तासाला गुरुत्वाकर्षण, घनता, वक्रनलिका असे शब्द ऐकते आणि गोष्ट तीच आहे हे तिला कळत नाही. कशिशे-सिक्ल म्हणजेच गुरुत्वाकर्षण, कसाफत म्हणजेच घनता, दबाव म्हणजे दाब, साइफन म्हणजे वक्रनलिका, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिला विज्ञान अडत नाही. मधे हवा धरलेली असते.

म्हणून टाकीच्या शेजारी आम्ही एक तक्ता लावला आहे. उजव्या बाजूला उर्दू शब्द, डाव्या बाजूला मराठी, आणि मधे बाण टाकीतल्या त्या त्या भागाकडे. दर आठवड्याला एक मुलगी आधी उर्दूत आणि मग मराठीत टाकीचे काम समजावून सांगते. मराठी चुकली तरी थांबवायचे नाही, असे ठरले आहे.

फेब्रुवारीत प्लंबर मामा शाळेच्या नळाचे काम करायला आले आणि सहज टाकी पाहायला आत शिरले. व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला पाहून त्यांनी विचारले, "हे असं का ठेवलंय?" पाइपलाइनवाल्याची मुलगी तिथे होती. ती मराठीत म्हणाली, "मामा, पाइप पूर्ण भरला ना, मग हवा आत जात नाही. हवा गेली की वक्रनलिका तुटते. मग आवाज येतो अन् पाणी थांबतं." मामांनी चाक थोडे फिरवून पाहिले, पाइप घळघळला, त्यांनी ते पुन्हा होते तिथे आणले. तिचे वडील नळाच्या कामाला मदत म्हणून आले होते आणि दारात उभे राहून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत.

मे महिन्यात ते एकदा घरी आले. दाखला कधी मिळेल, मराठी शाळेची बस गोरेगावहून किती वाजता निघते आणि तिच्याबरोबर आणखी कोणाच्या मुली जाणार आहेत, एवढे त्यांनी विचारले. मी तीन घरांची नावे सांगितली. त्या तीनपैकी दोन घरांत तेव्हा अजून काही ठरलेले नव्हते, म्हणून संध्याकाळी मी तिकडे गेले.